येळ्ळूर रोडचा प्लॉट विकून पुण्यात फ्लॅट घेऊ का?

पत्र (थोडं कापून):

"काकू, नमस्कार. मी मूळचा अनगोळचा, वय ३३. इंजिनिअरिंग बेळगावात केलं, आता पुण्यात नऊ वर्षं झाली. कंपनी हिंजवडीत, हातात ७८ हजार येतात. बायको खाजगी शाळेत आहे, तिचे १८ हजार. मुलगी तीन वर्षांची. पुनावळ्यात टू बीएचके भाड्यानं घेतलाय, २२ हजार. तिथंच एका नवीन स्कीममध्ये ७५ लाखांचा फ्लॅट बघितलाय, ताबा तीन वर्षांनी. बँक ५५ लाख देते म्हणते. बाकीच्यासाठी बाबा येळ्ळूर रोडचा ३० बाय ४० चा प्लॉट विकायला तयार आहेत, आजोबांच्या शेतातनं वाटणीला आलेला, ३० लाखांना गिऱ्हाईक आहे. सेल्सवाला म्हणतो पुण्याची लोकसंख्या अशी वाढतेय की आज घेतला नाही तर परत कधी परवडणार नाही. भावजी म्हणतात पुण्याचं सोड, त्या प्लॉटवर जी प्लस टू बांध आणि भाड्यानं लाव. आई म्हणते तिकडं घर केलंस की तू काय परत येत नाहीस. बायको म्हणते कुठंही चालेल पण एकदाच ठरवा. रविवारपर्यंत ५१ हजार टोकन भरायचंय. काय करू?"

उत्तर:

रविवारी टोकन भरू नकोस. फ्लॅट घ्यायचाच नाही असं मी म्हणत नाही, पण तुझ्या पत्रात निर्णयाचं कारण म्हणून जे लिहिलंयस ते कारण तुझं नाहीच, सेल्सवाल्याचं आहे. लोकसंख्या वाढते म्हणून भाव वाढतात म्हणून आत्ता घे, हे वाक्य आता बेळगावातल्या चहाच्या गाड्यावर पण ऐकायला मिळतं, त्यामुळं आधी तेच बघूया.

पुणं वाढलं हे खरं आहे की. पण कुठं वाढलं ते बघ. २००१ ला पुणे महापालिकेत २५ लाख ३८ हजार माणसं होती, २०११ ला ३१ लाख २४ हजार, म्हणजे दहा वर्षांत २३ टक्के. त्याच दहा वर्षांत शेजारचं पिंपरी-चिंचवड १० लाख १२ हजारांवरनं १७ लाख २७ हजारांवर गेलं, ७० टक्के. वाढ मधल्या शहरात कमी आणि कडेला जास्त, आणि ती कड एका जागी थांबत नाही. एकेकाळी वाकड कडेला होतं, मग ताथवडे-पुनावळे झालं, आता मारुंजी-नेरेकडं टॉवर उठतायत. तू घेतलेला फ्लॅट दहा वर्षांनी विकायला काढशील तेव्हा तो दहा वर्षं जुना फ्लॅट असणार आणि त्याच्या पुढं पाच किलोमीटरवर कोणीतरी नवाकोरा, क्लबहाऊसवाला विकत असणार. लोकसंख्या वाढलेली असेलच, पण ती तुझ्याच दारात येईल असं कोणी लिहून दिलंय का?

आणि हे आकडे २०११ चे आहेत बरं का. २०२१ ची जनगणना कोविडमध्ये लांबली ती थेट २०२७ वर गेली, त्यामुळं मधल्या काळात "पुण्याची लोकसंख्या इतके लाख झाली" असं जे कोणी ठामपणे सांगतं तो अंदाज असतो, मोजणी नव्हे. त्यात परत हद्दवाढ. २०१७ ला ११ गावं, २०२१ ला २३ गावं पुणे महापालिकेत आली, एका रात्रीत "शहराची" लोकसंख्या वाढली, पण माणसं तीच, घरंही तीच, फक्त ग्रामपंचायतीच्या जागी महापालिकेची पावती यायला लागली. ब्रोशरमधल्या उंच जाणाऱ्या रेषेत हे पण मिसळलेलं असतं.

आता मुंबई बघ म्हणजे सेल्सवाल्याचं गणित कुठं चुकतं ते कळेल. मुंबई शहर जिल्हा, म्हणजे कुलाब्यापासनं माहीम-सायनपर्यंतचा जुना भाग, तिथं २००१ ला ३३ लाख ३८ हजार लोक होते आणि २०११ ला ३० लाख ८५ हजार. अडीच लाख माणसं कमी झाली! मग तिथले भाव उतरले का? उलट आभाळाला टेकले. गिरण्या गेल्या, चाळी पाडून मोठमोठे फ्लॅट झाले, जिथं एका खोलीत सहाजण राहायचे तिथं तीन बेडरूममध्ये तिघं राहायला लागले आणि गिरणीवाल्यांची पोरं डोंबिवली, बदलापूर, विरारकडं गेली. त्याच दहा वर्षांत ठाणे जिल्हा ३६ टक्क्यांनी वाढला. म्हणजे माणसं कमी होऊन भाव वाढू शकतात आणि माणसं वाढून पण भाव तसेच पडून राहू शकतात, कारण भाव ठरतो तो किती लोक आले यावर कमी आणि आलेल्यांच्या खिशात किती आहे, जमीन किती मोकळी आहे आणि घरं किती बांधून ठेवलीत यावर जास्त. २०११ च्याच मोजणीत देशातल्या शहरांमध्ये १ कोटी ११ लाख घरं रिकामी होती. कुलूप लावून ठेवलेली. ही घरं ज्यांनी घेतली त्यांनाही कोणीतरी लोकसंख्या वाढतेय असंच सांगितलं असणार.

अजून एक गोष्ट. शहरं आता नुसत्या पाळण्यांमुळं वाढत नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्हीकडं एका बाईमागं मुलांचं प्रमाण १.७ आहे, म्हणजे पिढी भरून काढायला लागतात त्या २.१ पेक्षा कमी. पुणं वाढतं त्यात मोठा वाटा बेळगाव, लातूर, जळगावकडनं येणाऱ्या तुझ्यासारख्या पोरांचा. ती येतात नोकरीसाठी. नोकरी उद्या दुसऱ्या टोकाला खराडीला गेली की माणूस तिकडं बघतो, भाड्यानं राहणारा सामान उचलून जातो आणि ईएमआयवाला रोज दीड तास गाडीत बसतो. तुझी कंपनी पुढची वीस वर्षं हिंजवडीतच राहणार याची खात्री तुझ्या एचआरला तरी आहे का, विचारून बघ.

लोकसंख्येचं झालं, आता उत्पन्न. सेल्सवाला "पुण्यात सरासरी उत्पन्न जास्त" हे पण सांगतो. दहाजणांच्या ऑफिसात नऊजणांना ४० हजार आणि साहेबाला सहा लाख पगार असेल तर सरासरी ९६ हजार निघते, आणि त्या नऊजणांनी ती सरासरी कधी बघितलेली नसते. जिल्ह्याचं दरडोई उत्पन्न तर पगाराचं पण नसतं, जिल्ह्यात जे काही उत्पादन झालं, कंपन्यांचा नफा धरून, ते सगळं डोक्यांनी भागतात. कर्नाटकात बेंगळूर शहर जिल्हा त्यात सगळ्यात वर आणि आपला बेळगाव जिल्हा राज्याच्या सरासरीच्या खाली, हे सगळ्यांना माहीत आहे. पण म्हणून बेंगळूरला गेलेला आपल्या शहापूरचा पोरगा आपोआप श्रीमंत होत नाही, त्या शहरातल्या वरच्या लोकांच्या पगारावर ठरलेलं भाडं मात्र त्याला पहिल्याच महिन्यात भरावं लागतं.

म्हणून तुझाच हिशेब मांडते. वीस-बावीस वर्षं क्रेडिट सोसायटीच्या कर्ज विभागात बसले, त्यामुळं माझा हात आपोआप तिकडं जातो.

फ्लॅट ७५ लाख. पुणे-पिंपरी चिंचवडमध्ये स्टँप ड्युटी सगळं धरून ७ टक्के, म्हणजे सव्वापाच लाख (एकट्या बायकोच्या नावावर घेतलास तर एक टक्का कमी, दोघांच्या नावावर घेतलास तर ती सवलत नाही). रजिस्ट्रेशन ३० हजार. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर ५ टक्के जीएसटी, पावणेचार लाख. झाले ८४ लाख ३० हजार. तुझे ५५ आणि प्लॉटचे ३० मिळून ८५. म्हणजे हिशेब जुळला कधी, तर प्लॉटवर एक रुपया कर लागला नाही आणि तू नवीन घरात गादी टाकून खाली झोपलास तर.

५५ लाख, साडेआठ टक्के, वीस वर्षं धरले तर हप्ता साधारण ४७,७०० बसतो. तुझ्या एकट्याच्या पगाराच्या साठ टक्के, दोघांचे धरले तर निम्मा. पहिल्या हप्त्यातले जवळजवळ ३९ हजार नुसतं व्याज आहे, मुद्दलात जातात पावणेनऊ हजार. लोक म्हणतात भाडं म्हणजे पाण्यात पैसा, मग हे ३९ हजार कशात गेले? त्याच एरियात तू ७५ लाखांच्या घरात २२ हजारांत राहतोयस, वर्षाला २ लाख ६४ हजार, घराच्या किंमतीच्या साडेतीन टक्के. साडेतीन टक्क्याला मिळणारी वस्तू साडेआठ टक्क्यानं पैसे काढून घ्यायची असेल तर त्याला दुसरं काहीतरी कारण पाहिजे. ते असू शकतं, नाही असं नाही. घरमालक दर अकरा महिन्यांनी भाडं वाढवतो, मुलीची शाळा बदलायला नको वाटते, भिंतीला खिळा मारताना विचारायला नको. ही कारणं खरी आहेत. त्यांची किंमत मोज आणि मग घे, पण लोकसंख्येच्या नावावर घेऊ नकोस.

आणि ताबा तीन वर्षांनी. तोपर्यंत भाडं चालूच. बँक जसजसे पैसे बिल्डरला देत जाईल तसतसं व्याज वाढत जाणार, शेवटी शेवटी महिन्याला ३९ हजार व्याज अधिक २२ हजार भाडं, ६१ हजार. हातात ७८ येतात. स्कीम सहा महिने लांबली तर काय करणार? ही गोष्ट तुझ्या पत्रात कुठंच नाही म्हणून जास्त लिहिलं.

आता प्लॉट. इथं मला खरी काळजी वाटली.

पहिलं म्हणजे वाटणीला आलेली जागा आहे, बाबांनी स्वतःच्या पगारातनं घेतलेली नाही. भावजी आहेत म्हणजे ताई आहे, मग ती कुठं आहे या हिशेबात? मुलींना वडिलोपार्जित जागेत मुलासारखाच जन्मानं हक्क आहे, कर्नाटकात तर हा कायदा १९९४ लाच आला, देशभर २००५ ला, आणि २०२० ला सुप्रीम कोर्टानं अजून स्पष्ट केलं की वडील तेव्हा हयात होते का नव्हते यावर ते अवलंबून नाही. ती सासरी गेली, तिच्या लग्नाला खर्च केला, हे कोर्टात चालत नाही आणि माझ्या मते घरात पण चालू नये. तिची सही नसेल तर शहाणं गिऱ्हाईक घेणारच नाही, आणि बिनसहीचं घेणारं गिऱ्हाईक तुला नको. भावजी जी प्लस टू बांध म्हणतात ना, मला वाटतं ते आडून हेच सांगतायत. मोकळेपणानं विचार की. तिचा वाटा बाजूला काढला तर ३० लाखांतले तुझ्या हातात किती राहतात ते वकिलाकडनं लिहून घे, वाटणी कशी झाली, कोण कोण वारस, यावर ते ठरेल. मग वर मांडलेला जमाखर्च परत एकदा बघ.

दुसरं, कर. प्लॉट विकला की नफ्यावर कर येतो. ते पैसे घरात घातले तर सूट मिळते, पण जागा बाबांची आणि फ्लॅट तुझ्या नावावर असं केलंस की सूट मागताना अडचण होते. फ्लॅटच्या कागदावर बाबांचं नाव घालायचं का, किती, हे टोकन द्यायच्या आधी सीएला विचारायचं, नंतर नाही.

तिसरं, कागद. "एनए आहे" असं तोंडी सांगून येळ्ळूर रोड, पिरनवाडी, कंग्राळीकडं शेतात पाडलेले कितीतरी प्लॉट विकले गेलेत. महापालिकेच्या हद्दीत असेल तर ई-खाते (मालमत्तेचा ऑनलाईन उतारा) निघालंय का, ग्रामपंचायतीत असेल तर ई-स्वत्तूचे (पंचायतीच्या ऑनलाईन नोंदीचे) फॉर्म ९ आणि ११ आहेत का, लेआउट बुडानं (बेळगावच्या नगरविकास प्राधिकरणानं) मंजूर केलाय का, ईसीवर (बोजा दाखवणाऱ्या दाखल्यावर) काही बोजा आहे का. आता ई-खात्याशिवाय रजिस्ट्रीच होत नाही. कागद कन्नडमध्ये असतात, तुला वाचायला येत असेल तर उत्तम, नसेल तर गल्लीतल्या कोणाला तरी बसवून ओळ न् ओळ वाचून घे, एजंटाच्या तोंडी भाषांतरावर सही करू नकोस. विकणार असलास काय किंवा नसलास काय, हे काम दिवाळीच्या सुट्टीत करूनच टाक.

आणि चौथं जे कोणी बोलत नाही. १२०० चौरस फूट प्लॉट म्हणजे सगळी जमीन. पुनावळ्याचा फ्लॅट म्हणजे बहुतेक सिमेंट आणि लिफ्ट, जमिनीतला वाटा शेकडो फ्लॅटवाल्यांत मिळून. सिमेंट जुनं होतं, जमीन जुनी होत नाही. हलगा-मच्छे बायपासला जमीन जाणार म्हणून आपले शेतकरी का आडवे झाले आठव, त्यांना हे कुठल्या ब्रोशरमधनं शिकावं लागलं नाही.

मग भावजींचं ऐकायचं? ते पण लगेच नको. जी प्लस टू आजच्या दरात ४०-५० लाखांच्या खाली होत नाही, आणि बेळगाव काय पुण्यासारखं फुगत नाही. २०११ ला महापालिकेत ४ लाख ८८ हजार, आजूबाजूची उपनगरं धरून ६ लाख १० हजार, अख्खा जिल्हा दहा वर्षांत १३ टक्क्यांनी वाढला. मच्छेकडं व्हीटीयू (तंत्रशिक्षणाचं विद्यापीठ) आहे, उद्यमबागेत बाहेरच्या राज्यातनं आलेले कामगार आहेत, भाडेकरू मिळतात, पण तीन मजले बाराही महिने भरलेले राहतील आणि साडेतीनशे किलोमीटरवरनं तू नळाची गळती बघशील, हे कागदावरच सोपं दिसतं. बघणार शेवटी बाबाच. त्यांचं वय किती ते तू लिहिलं नाहीस.

तर माझं म्हणणं असं आहे. पुढची तीन वर्षं भाड्यानं राहा. हप्ता ४७,७०० आणि मेंटेनन्स चार हजार धरून जेवढे जाणार होते त्यातनं भाड्याचे २२ वजा कर, २९-३० हजार उरतात. त्यातले २५ हजार दर महिन्याला पगाराच्या दिवशीच बाजूला टाक, आरडी असू दे, म्युच्युअल फंड असू दे, हात लागणार नाही असं ठेव. तीन वर्षांत मुद्दलच नऊ लाख. यात अजून एक कळेल, जर सहा महिन्यांत तुम्हाला २५ हजार बाजूला काढणं जड गेलं तर ४७,७०० चा हप्ता तुम्हाला झेपणार नव्हता, आणि ते कर्ज न काढता कळालं हे बरं.

तीन वर्षांनी पुण्यातच राहायचं असं दोघांचं ठरलं तर तयार, रीसेलचं घर बघ. कम्प्लिशन सर्टिफिकेट मिळालेल्यावर जीएसटी नाही, शेजार डोळ्यांनी दिसतो, पाण्याचे टँकर उन्हाळ्यात किती येतात ते वॉचमनला विचारता येतं (हे नक्की विचार, त्या बाजूला हा प्रश्न मोठा आहे). दोघांच्या पगाराच्या तिसऱ्या हिश्श्यात हप्ता ठेवायचा म्हणजे आजच्या हिशेबानं ३२ हजार, त्यावर ३६-३७ लाख कर्ज मिळतं. साठवलेले नऊ धरून ४५-४६ लाखांत पुनावळ्यात टॉवरमधला टू बीएचके येत नाही हे मला पण कळतं. मोशी-चिखलीकडं जुना किंवा तळेगावात, किंवा वन बीएचके. सेल्सवाला याला तडजोड म्हणेल. पगार वाढला तर ही मर्यादा पण वाढेल, प्लॉट मात्र तसाच राहिलेला असेल.

आणि घरच्यांचं. आईला वाटतं फ्लॅट घेतलास की तू येत नाहीस. खरं सांगायचं तर तू नऊ वर्षं झाली तिकडंच आहेस, फ्लॅट नसताना पण, आईला ते माहीत आहे. ती विचारतेय ते वेगळं आहे, आम्ही म्हातारे झालो की काय करायचं हे तू ठरवलंयस का. ते फ्लॅटपेक्षा मोठं आहे आणि त्याचं उत्तर टोकनमध्ये नाही. आता पुणे-हुबळी वंदे भारत बेळगावातनं जाते, शुक्रवारच्या रात्रीच्या गाड्या तर आहेतच, महिन्यातनं एकदा येऊन बाबांबरोबर बँकेत, दवाखान्यात जाऊन ये, त्यानं तिचा अर्धा प्रश्न सुटेल.

बायकोचं मत एवढ्या मोठ्या पत्रात एकाच ओळीत आहे. "कुठंही चालेल" असं बाई म्हणते तेव्हा तिला खरंच कुठंही चालणार असतं किंवा तिला कोणी नीट विचारलेलं नसतं. तिचा १८ हजारांचा पगार बँकेच्या फॉर्मवर लागणार आहे, को-अ‍ॅप्लिकंट म्हणून वीस वर्षं सही तिची असणार, आणि दुसरं मूल झालं किंवा शाळा सोडावी वाटली तर हप्त्यासाठी नोकरी धरून बसायची तिनं. हे असं समोर मांडून विचार आणि मग ती काय म्हणते बघ.

हे उत्तर वाचेपर्यंत टोकन भरून झालं असेल तर घाबरू नकोस. पावती आणि बुकिंग फॉर्म काढ, रद्द केल्यावर किती परत आणि किती दिवसांत ते वाच, महारेराच्या (बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या) साईटवर स्कीमचा नंबर टाकून ताब्याची तारीख बघ. अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर व्हायच्या आधी बिल्डरला किंमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त मागता येत नाही, त्यामुळं "सोमवारपर्यंत पंधरा लाख भरा, मग अ‍ॅग्रीमेंट करू" असा फोन आला तर पैसे देऊ नकोस, आणि रद्द करायचं असेल तर फोनवर नको, ईमेलनं लेखी कळव.